लांबच्या अंतराळमोहिमेत ऑक्सिजन येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मंगळासारख्या अडीच-तीन वर्षांच्या मोहिमेत अंतराळवीरांना श्वासासाठी ऑक्सिजन कसा पुरवणार? टाक्या भरून नेता येतील का, की यानातच झाडं लावावी लागतील? आणि अवकाश स्थानकावर आज जी यंत्रं हे काम करतात, तीच उचलून मंगळाच्या यानात का बसवत नाहीत?

मी बरीच वर्षं जीवनाधार यंत्रणांवर काम करतो आहे, त्यातही जास्त करून पाण्याच्या विद्युत अपघटनावर, म्हणजे विजेने पाणी फोडून ऑक्सिजन काढण्यावर. त्यामुळे तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी थोडे आकडे पाहू, कारण आकड्यांशिवाय या विषयावरची चर्चा हवेतच राहते.

एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण १.०४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चार माणसं आणि एक हजार दिवस धरले तर ऑक्सिजन झाला ३,३६० किलो. मोहिमेच्या एकूण वजनाच्या मानाने हा आकडा अशक्य कोटीतला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. लोकांना वाटतं की ऑक्सिजन नेणं केवळ अशक्य आहे म्हणून तो बनवायचा. तसं नाही. अडचण आहे ती भांड्याची. उच्च दाबाखाली वायू भरायचा तर टाकीचंच वजन आतल्या वायूच्या बरोबरीला जातं. द्रवरूपात न्यायचा तर तो उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. तीन वर्षं तो उकळून जाऊ नये म्हणून शीतयंत्र सतत चालवावं लागतं, आणि ते बंद पडलं की साठा हळूहळू उडून जातो.

ऑक्सिजन नेण्याचा सगळ्यांत शहाणा मार्ग म्हणजे पाणी. पाण्याच्या वजनात ८९ टक्के ऑक्सिजनच असतो. पाणी साध्या पिशवीतही राहतं, पेट घेत नाही, पिता येतं, आणि त्यातल्या हायड्रोजनमुळे किरणोत्सारापासून आडोसाही मिळतो. वरचा ३,३६० किलो ऑक्सिजन मिळवायला ३,७८० किलो पाणी लागेल. ते फोडायला वीज किती? सिद्धांताप्रमाणे एक किलो ऑक्सिजनमागे साधारण ५ युनिट. यंत्रातली तूट धरून माणशी दिवसाला सहा-साडेसहा युनिट म्हणा. चार माणसांसाठी हा भार सतत सुमारे एक किलोवॅटचा होतो. मोठ्या सौर पंखांच्या यानाला तो जड नाही.

पाण्यात दोन तारा सोडल्या की एकीकडे हायड्रोजन आणि दुसरीकडे ऑक्सिजन, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे एक गोष्ट आपण गृहीत धरतो: बुडबुडे वर जातात. अंतराळात ‘वर’ नसतं. बुडबुडा इलेक्ट्रोडला, म्हणजे तारेच्या टोकाला, चिकटून बसतो, शेजारचे बुडबुडे त्यात मिसळतात, आणि थोड्याच वेळात इलेक्ट्रोडवर वायूचा थर जमून पाणी तिथे पोचेनासं होतं. म्हणजे अभिक्रिया जमिनीवरचीच, पण तिच्यातून बाहेर पडणारा माल उचलायला कुणी नाही.

रशियन ‘एलेक्ट्रॉन’ यंत्राने यावर सरळ उपाय केला: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण पंपाने सतत फिरवत ठेवायचं, म्हणजे प्रवाहच बुडबुडे ओढून नेतो. हे यंत्र आधी मीर स्थानकावर होतं, नंतर आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या ‘झ्वेझ्दा’ भागात आलं. त्याने वर्षानुवर्षं माणसं जगवली आणि तितकाच त्रासही दिला. द्रावणात अडकलेला हवेचा फुगा पंपात गेला की यंत्र बंद, ही त्याची नेहमीची तक्रार. २००६ च्या सप्टेंबरात ते जास्त तापलं, उग्र वास सुटला आणि अंतराळवीरांना धोक्याचा इशारा द्यावा लागला. दाहक द्रावण बंद केबिनमध्ये फिरवत ठेवण्याची ही किंमत.

अमेरिकी यंत्र जुलै २००६ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून गेलं आणि २००७ मध्ये सुरू झालं. त्यात द्रावण नाही. त्याऐवजी प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारं प्लॅस्टिकसारखं पातळ मेम्ब्रेन आहे. पाणी हायड्रोजनच्या बाजूने सोडतात आणि मेम्ब्रेनमधून झिरपलेल्या पाण्यापासून पलीकडे ऑक्सिजन तयार होतो. त्यामुळे पाणी आणि वायू वेगळे करण्याचं काम मुख्यतः हायड्रोजनच्या बाजूला उरतं आणि ते फिरत्या ड्रमने होतं, कारण ड्रम फिरला की पाणी कडेला जातं आणि वायू मधून निघतो. हे यंत्र दिवसाला साधारण २.३ ते ९ किलो ऑक्सिजन देऊ शकतं. कागदावर चार माणसांचा प्रश्न इथेच सुटला.

अलीकडे चुंबकाने बुडबुडे हलवण्याचे प्रयोग चालू आहेत. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या ड्रॉप टॉवरमध्ये, म्हणजे प्रयोगाची पेटी आत खाली पडू देणाऱ्या उंच मनोऱ्यात, काही सेकंदांच्या भारहीन अवस्थेत, साध्या चुंबकाजवळ बुडबुडे इलेक्ट्रोडपासून सुटतात असं दिसलं आहे. फिरणारा एकही भाग कमी होत असेल तर मला ते हवं आहे. का, ते पुढे येईलच.

पण नुसता ऑक्सिजन बनवून भागत नाही. ऑक्सिजन संपून गुदमरण्याची भीती सगळ्यांना असते, पण बंद केबिनमध्ये आधी गाठतो तो कार्बन डायऑक्साइड. १०० घनमीटरची केबिन घ्या, आत चार माणसं, ऑक्सिजन बनवणारं आणि कार्बन डायऑक्साइड काढणारं अशी दोन्ही यंत्रं बंद. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर यायला दीड दिवसाहून जास्त वेळ लागेल, आणि १७ टक्के म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण पावणेदोन हजार मीटर उंचीवरची हवा. बहुतेकांना काही जाणवणारही नाही. तेवढ्यात, पहिल्याच दिवसात, कार्बन डायऑक्साइड दोन टक्क्यांपुढे गेलेला असेल आणि माणसं डोकं धरून बसलेली असतील. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली, तरी अंतराळवीरांनी ज्यात आसरा घेतला त्या चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या यानात, ऑक्सिजन पुरेसा होता. कमी पडली ती कार्बन डायऑक्साइड शोषणारी डबडी. मुख्य यानातली चौकोनी, चांद्रयानातली गोल, आणि मग प्लॅस्टिक, पुठ्ठा व चिकटपट्टी जोडून ती बसवावी लागली. शिवाय भारहीन अवस्थेत गरम श्वास वर जात नाही. पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडापुढे त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. म्हणून माझ्या यादीत पंखा ऑक्सिजन-यंत्राच्या वर येतो.

स्थानकावर कार्बन डायऑक्साइड झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांत पकडतात, मग ते खडे तापवून त्यातून सोडवतात. झिओलाइटला पाणी त्याहून प्रिय, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. इतकं करूनही स्थानकावरच्या हवेत त्याचं प्रमाण पृथ्वीवरच्या कित्येक पट राहतं. आणि खडे तापून-गार होऊन झिजतात, त्यांची पूड व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. ही पूड म्हणजे आमच्या धंद्यातली नेहमीची डोकेदुखी.

आता पकडलेल्या त्या वायूचं काय करायचं? पूर्वी तो सरळ बाहेर फेकत. पण कार्बन डायऑक्साइडच्या वजनात ७३ टक्के ऑक्सिजन आहे. माणसाने ओढलेल्या ०.८४ किलोपैकी जवळजवळ पाऊण किलोइतका ऑक्सिजन त्यातूनच बाहेर पडतो. दुसरीकडे पाणी फोडून निघालेला हायड्रोजनही फुकट जात होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाच्या अभिक्रियेत हे दोन्ही एकत्र येतात: कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, हायड्रोजनचे चार, आणि तापलेला उत्प्रेरक, हाती मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन. पाणी परत फोडायचं, मिथेन बाहेर. स्थानकावर हे यंत्र २०१० मध्ये बसलं. युरोपीय अवकाश संस्थेचं वेगळं यंत्र २०१८ मध्ये पोचलं, ते तीन माणसांपुरतं आहे.

इथे जमाखर्च नीट पाहा, कारण बहुतेक लेखांत तो अर्धवट असतो. माणशी दिवसाला ९४५ ग्रॅम पाणी फोडलं की १०५ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. साबातिएमध्ये त्यातला अर्धा पाण्यात परत येतो आणि अर्धा मिथेनबरोबर निघून जातो. म्हणजे ४७२ ग्रॅम पाणी परत आलं आणि तेवढंच बुडालं. हायड्रोजन अपुरा पडल्याने जेमतेम ५५ टक्के कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, उरलेला तसाच फेकावा लागतो. ‘ऑक्सिजनचं चक्र अर्धंच पूर्ण होतं’ असं जे म्हणतात ते यामुळे. तुटवडा खरं तर ऑक्सिजनचा नसून हायड्रोजनचा आहे.

पण या हिशेबात एक जमा राहून जाते, ती म्हणजे जेवण. अन्नात हायड्रोजन असतो आणि शरीर ते जाळतं तेव्हा नवं पाणी तयार होतं, माणशी दिवसाला साधारण एक तृतीयांश लिटर. ते घाम, उच्छ्वास आणि लघवीतून बाहेर येतं, आणि स्थानकावरची पाणी-यंत्रणा ते परत पकडते. २०२३ मध्ये तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे ४७२ ग्रॅमच्या खड्ड्यातला बराच भाग जेवणाच्या डब्यातून भरून निघतो. चार माणसांच्या हजार दिवसांच्या मोहिमेत ऑक्सिजनपायी खरी तूट मग टनांत न राहता काहीशे किलोंवर येते. पाणी शुद्ध करताना वाया जाणारे दोन टक्के आणि हवाबंद दरवाजा उघडताना निसटणारी हवा धरली तर ती थोडी वाढते, इतकंच.

उरलेला हायड्रोजनही सोडायचा नसेल तर मिथेन तापवून किंवा प्लाझ्मात, म्हणजे विजेने भारित केलेल्या वायूत, घालून तोडता येतो. ॲसिटिलीन किंवा काजळी उरते आणि हायड्रोजन सुटतो. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पाणी बनवणारी बॉश अभिक्रिया तर सरळ कार्बनच उरवते. कागदावर चक्र पूर्ण. व्यवहारात उत्प्रेरकावर काजळी चढते आणि ती कुणीतरी खरवडून काढावी लागते, भारहीन अवस्थेत, जिथे काजळी खाली पडत नाही आणि पसरते मात्र सगळीकडे. काहीशे किलो पाणी वाचवायला मी हे लचांड तरी पहिल्या मोहिमेत गळ्यात घेणार नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे मत भित्रेपणाचं वाटतं.

आता तिसरा प्रश्न. रसायनशास्त्र सुटलं आहे, यंत्रं वर चालू आहेत, वीज पुरते. मग तीच का नाही न्यायची?

कारण ती यंत्रं एकटी चालत नाहीत. त्यांच्यामागे दर काही महिन्यांनी येणारी मालवाहू यानं आहेत, जमिनीवर चोवीस तास पडद्याकडे बघणारी माणसं आहेत, आणि अगदीच वेळ आली तर काही तासांत पृथ्वीवर उतरवणारं यान स्थानकाला जोडलेलं आहे. मंगळाच्या वाटेवर यातलं एकही नाही. तिथून संदेश एका दिशेने जायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. ‘व्हॉल्व्ह उघडू का?’ विचारून उत्तर येईपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो.

आणि मोडतं काय? रासायनिक अभिक्रिया कधी मोडत नाही. मोडतो पंप, अडकतो व्हॉल्व्ह, भरकटतो सेन्सर. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन मिसळला नाही ना हे बघणारा सेन्सर आपोआप चुकीचं दाखवू लागतो, म्हणून ठरावीक काळाने बदलावाच लागतो. तो चुकला तर दोन शक्यता: उगाच यंत्र बंद पडेल, किंवा स्फोटक मिश्रण तयार होत असताना ते गप्प राहील. दुसरी शक्यता परवडत नाही, म्हणून तो पहिलीकडे झुकलेला ठेवतात आणि यंत्र उगाच बंद पडत राहतं. स्थानकावर हे चालतं, कारण दुसरं यंत्र आणि टाक्यांतला साठा हाताशी असतो.

त्याहून कपटी असतो हळूहळू होणारा बिघाड. मेम्ब्रेन फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचं (पॉलिमरचं) असतं. ते अगदी सावकाश झिजतं आणि फिरत्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. पाणी आम्लधर्मी होतं, ते धातूच्या नळ्या कुरतडतं, सुटलेले धातूचे आयन जाऊन मेम्ब्रेनमध्येच बसतात आणि प्रोटॉनची वाट अडवतात. तेवढाच ऑक्सिजन काढायला मग जास्त व्होल्टेज लागतं, जास्त उष्णता होते, आणि झीज वाढते. चाचणीच्या पहिल्या महिन्यांत यातलं काही दिसत नाही. आलेखातली व्होल्टेजची रेघ जवळजवळ सपाट असते, आणि ‘जवळजवळ’ हा शब्द दुसऱ्या वर्षी नडतो. पाण्यात आयन शोषणारी गाळणी बसवली की हे बरंच आटोक्यात येतं, पण मग गाळणीही सुट्या भागांच्या यादीत चढते.

सुटे भाग हाच खरा काटा आहे. स्थानकावरची पद्धत म्हणजे भाग बिघडला की अख्खा खोका काढून नवा बसवायचा आणि जुना परत पाठवायचा. एका लहान व्हॉल्व्हपायी कित्येक किलोंचा खोका बदलला जातो. मंगळाच्या यानात प्रत्येक खोक्याचे दोन-दोन जोड न्यायचे ठरवलं तर त्यांचं वजन यंत्राच्या वजनाला मागे टाकतं, आणि मग ऑक्सिजन बनवण्यापेक्षा पाणी भरून नेणं परवडलं असं म्हणायची पाळी येते. म्हणून मला ९५ टक्के कार्यक्षम पण सीलबंद यंत्रापेक्षा ७० टक्के कार्यक्षम पण चार स्क्रू काढून उघडता येणारं यंत्र हवं असतं. एकाच मापाचे व्हॉल्व्ह पाणी-यंत्रात आणि ऑक्सिजन-यंत्रात चालले पाहिजेत. हे बोलायला सोपं आहे. हायड्रोजनचा भाग सुरक्षिततेसाठी बंद आवरणात ठेवावा लागतो, आणि ते आवरण अंतराळवीराने उघडायचं नसतं. सुरक्षितता आणि दुरुस्ती यांचं इथे पटत नाही. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. माणसं मंगळावर उतरली की कक्षेत फिरणारं यान दीड वर्षाच्या आसपास रिकामं राहू शकतं. यंत्र बंद ठेवायचं, पण मेम्ब्रेन सुकू द्यायचं नाही. ओलं ठेवलं की नळ्यांत जिवाणूंचा चिकट थर धरतो. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते चालू झालं पाहिजे. आमच्याकडे सतत चालणाऱ्या यंत्रांचा अनुभव भरपूर आहे, झोपवून उठवलेल्या यंत्रांचा मात्र फारच थोडा.

मग यंत्रं सगळीच बंद पडली तर? त्यासाठी ऑक्सिजन ‘मेणबत्त्या’ असतात. लिथियम परक्लोरेटचं नळकांडं पेटवलं की ते तापून ऑक्सिजन सोडतं. रशियन ‘विका’चं एक नळकांडं ६०० लिटर, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. वीज नको, पाणी नको, वर्षानुवर्षं कपाटात राहतं. पण ती आग आणि ऑक्सिजन एकाच डब्यात ठेवणारी वस्तू आहे. २३ फेब्रुवारी १९९७ ला मीरवर सहा जण असताना असंच एक नळकांडं भडकलं, स्थानक धुराने भरलं, आणि परतीच्या दोन सोयुझ यानांपैकी एकाची वाट ज्वाळांनी अडवली. २००७ मध्ये ‘टायरलेस’ या ब्रिटिश पाणबुडीवर ऑक्सिजन देणाऱ्या अशाच प्रकारच्या नळकांड्याचा स्फोट होऊन दोन नौसैनिक गेले. तरीही मी मेणबत्त्या नेईनच. शेवटच्या आधाराला इतकी साधी वस्तू दुसरी नाही.

आगीवरून आठवलं, ऑक्सिजन जास्त होणंही तितकंच वाईट. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ ची केबिन जमिनीवरच्या चाचणीत वातावरणाहून थोड्या जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती. एक ठिणगी पडली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे अंतराळवीर वाचले नाहीत. स्थानकावर पृथ्वीसारखाच दाब आणि २१ टक्के ऑक्सिजन ठेवतात. पुढच्या मोहिमांसाठी नासाचा विचार दाब जवळजवळ निम्मा, ५६ किलोपास्कलच्या आसपास, आणि ऑक्सिजन ३४ टक्के करण्याचा आहे. कारण स्पेससूटमधला दाब कमी असतो. केबिनचाच दाब कमी असला की बाहेर पडण्याआधी रक्तातला नायट्रोजन घालवण्यासाठी तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागत नाही. पण ३४ टक्क्यांत कापड, फोम, तारांची वेष्टणं जास्त चटकन पेटतात, त्यामुळे प्रत्येक वस्तूची चाचणी पुन्हा. शिवाय सूटच्या टाकीत ऑक्सिजन उच्च दाबाने भरावा लागतो, आणि आजची यंत्रं तो केबिनच्या दाबालाच देतात. उच्च दाबाचा ऑक्सिजन दाबणारा पंप हे आणखी एक नाजूक जनावर.

आता झाडं. झाडांविषयी मला प्रेम आहे, पण ‘झाडं लावली की ऑक्सिजन मिळेल’ हे अर्धसत्य आहे. पहिली अडचण ऊर्जेची. दिव्याच्या प्रकाशातली पाच टक्के ऊर्जा पिकात साठली तर ते उत्तम पीक. त्या दराने एका माणसाचा ऑक्सिजन काढायला नुसता प्रकाशच दिवसाला साधारण ७० युनिटचा लागतो, म्हणजे विद्युत अपघटनाच्या दहापट. दिव्यांतली तूट वेगळी. दुसरी अडचण जास्त मुळातली आहे. झाड जितका ऑक्सिजन देतं तितकंच त्याचं शरीर वाढतं. ते शरीर कुजलं किंवा जाळलं तर तो ऑक्सिजन परत जातो. म्हणजे हाती राहणारा ऑक्सिजन हा खाल्लेल्या भागाइतकाच. देठ, मुळं, भुसा यांचा ऑक्सिजन उसना असतो.

‘बायोस्फीअर २’ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९९१ च्या सप्टेंबरात आठ माणसं ॲरिझोनातल्या त्या काचेच्या बंद जगात गेली. आत झाडं भरपूर होती, तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन १४.५ टक्क्यांच्या आसपास घसरला. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीतले जीवाणू तो खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत वाढला असता तर झाडांनी तो वापरला असता, पण तो काँक्रीटने शोषून घेतला. अखेर १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. उलट, माती कमी आणि हिशेब काटेकोर असलेले प्रयोग बरे झाले. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या ‘बायोस-३’ मध्ये १९७० च्या दशकात क्लोरेला शैवालाने हवा शुद्ध केली. तिथल्या अनुभवानुसार माणशी साधारण ८ चौरस मीटर उजळलेला शैवालाचा पृष्ठभाग पुरतो. बीजिंगच्या बैहांग विद्यापीठाच्या ‘युएगोंग-१’ मध्ये २०१७-१८ साली ३७० दिवसांचा प्रयोग झाला. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनीही स्थानकावर खाण्याजोग्या सूक्ष्मशैवालाचे प्रयोग केले.

माझं मत असं की झाडं अन्नासाठी न्यावीत, ऑक्सिजन वरकड समजावा. ताजी भाजी मिळते, मन रमतं, आणि दिवसाचा काही ग्रॅम ऑक्सिजन येतो. पण शैवालाच्या टाकीत संसर्ग शिरून ती एका आठवड्यात मरू शकते, आणि नव्याने वाढवायला पुन्हा वेळ लागतो. पंप बदलता येतो, मेलेली टाकी बदलता येत नाही.

मंगळावर उतरल्यावर सगळं गणित पालटतं. तिथली हवा विरळ, पृथ्वीच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी, पण तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ या ऑक्सिजन-यंत्राने २० एप्रिल २०२१ ला तासाभरात ५.४ ग्रॅम ऑक्सिजन काढला. हवा दाबायची, ८०० अंशांपर्यंत तापवायची आणि सिरॅमिकच्या विद्युत-पेशीतून वीज सोडायची. ऑक्सिजनचे आयन सिरॅमिकमधून पलीकडे जातात, कार्बन मोनॉक्साइड अलीकडे उरतो. ऑगस्ट २०२३ पर्यंतच्या १६ खेपांत एकूण १२२ ग्रॅम निघाला, आणि उत्तम खेपेत तासाला १२ ग्रॅम. एका माणसाला तासाला ३५ ग्रॅम लागतात, तेव्हा हे खेळण्याएवढंच होतं. पण ते खेळणं उन्हाळ्या-हिवाळ्यात, दिवसा-रात्री चाललं. या पेशीत व्होल्टेज जरा जास्त झालं की कार्बन मोनॉक्साइडही फुटून काजळी धरते आणि पेशी कायमची खराब होते, म्हणून तिला फार जपून चालवतात.

तरी मॉक्सीचं मोठं भावंड बांधायचं कारण श्वास नाही. चार माणसांना मंगळावरून उडवणाऱ्या रॉकेटला साधारण ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल असा नासाचा अंदाज आहे. त्याच चौघांना वर्षभर श्वासाला लागतो एक टनाच्या आसपास. रॉकेटसाठी कारखाना उभा राहिला तर श्वासाचा ऑक्सिजन त्याच्या कडेला गळणाऱ्या थेंबांत भागेल.

चंद्राबद्दल थोडक्यात. तिथल्या मातीच्या वजनात ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आहे, पण तो खनिजांत घट्ट बांधलेला. इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजातला ऑक्सिजन हायड्रोजनने ओढून काढायला साधारण एक हजार अंश, माती वितळवून वीज सोडायला सोळाशेच्या आसपास. ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे, तो खणता आला तर वर सांगितलेलं साधं विद्युत अपघटनच पुरेल. दोन्ही वाटांनी प्रयोगशाळेत ऑक्सिजन निघतो. चंद्रावर जाऊन धारदार धुळीत महिनोन्‌महिने चालणारं यंत्र अजून कुणी चालवलेलं नाही.

मला चार माणसांच्या मंगळयानाची यादी करायला सांगितली तर मी विद्युत अपघटनाची दोन यंत्रं घेईन, आणि ती दोन वेगळ्या रचनांची, कारण एकाच रचनेची दोन यंत्रं एकाच कारणाने, बहुधा एकाच महिन्यात बिघडतात. प्रत्येक यंत्र एकट्याने चौघांना पुरेल एवढं. साबातिए एक, आणि ते बंद पडलं तरी मोहीम पुरी होईल एवढं जादा पाणी. मिथेन तोडणारं यंत्र प्रयोग म्हणून नेईन, हिशेबात धरणार नाही. स्पेससूटसाठी आणि केबिन पुन्हा भरायची वेळ आली तर, म्हणून उच्च दाबाच्या थोड्या टाक्या. मेणबत्त्या इतक्या, की दोन्ही यंत्रं उघडून दुरुस्त करायला चौघांना निदान दोन-तीन आठवडे मिळावेत. सुट्या भागांत सगळ्यांत जास्त जागा देईन ती व्हॉल्व्ह, सेन्सर आणि पंपांच्या बेअरिंगना. नव्वद दिवसांच्या श्वासाला पुरेल असं साडेतीनशे लिटर पाणी वेगळं काढून झोपायच्या कप्प्यांच्या भिंतीत भरीन, म्हणजे सौर वादळात तोच आडोसा होईल. त्याला हात लावायचा तो बाकीचं सगळं पाणी संपल्यावरच.